इंजेक्शन पडद्याचं, प्रेशर कुणाच्या खात्यात?

उतारवयात डोळ्याच्या पडद्याच्या अगदी मध्यावर, मॅक्युलाच्या खाली, कधी कधी नको त्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या कच्च्या असतात, पाझरतात. मग माणसाला खिडकी दिसते, दाराची चौकट दिसते, पण समोर बसलेल्याचा चेहरा तेवढा दिसत नाही. मॅक्युलर डिजनरेशनच्या या ‘ओल्या’ प्रकारावर गेली सुमारे वीस वर्षं एकच भरवशाचा इलाज आहे. या रक्तवाहिन्यांना खतपाणी घालणारं व्हीईजीएफ नावाचं प्रथिन अडवणारं औषध थेट डोळ्यात टोचायचं. सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, पुढे ओसीटी, म्हणजे पडद्याचा स्कॅन, बघत अंतर वाढवत न्यायचं, आणि हे वर्षानुवर्षं चालू ठेवायचं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि तिकडून बालाघाट-छिंदवाड्याचेही रुग्ण त्यासाठी नागपूर गाठतात. कितवं इंजेक्शन झालं आणि तक्त्यावरची कितवी ओळ वाचता आली, हे त्यांच्या घरच्या माणसांना तोंडपाठ असतं. डोळ्याचं प्रेशर किती होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

या प्रेशरवरून नेत्रतज्ज्ञांत दोन बाजू आहेत. पडद्याचे डॉक्टर म्हणतात, ते क्षणभराचं असतं, त्याचा बाऊ करू नका. काचबिंदूचे डॉक्टर म्हणतात, क्षणभराचं ते तुम्ही बघता, पुढचं आमच्या वाट्याला येतं. पुढे या दोन बाजू दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. एक रेटिनाचे ज्येष्ठ सर्जन, दुसऱ्या त्यांच्याहून बऱ्याच लहान असलेल्या काचबिंदूतज्ज्ञ. माणसं कल्पित आहेत, त्यांनी दिलेले आकडे नाहीत. मीही मधूनमधून बोलणार आहे, आणि मी तटस्थ पंच नाही हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

सर: “मॅडम, तुमचा आजार वर्षं घेतो, माझा आठवडे घेतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढचं सगळं बोलणं व्यर्थ आहे. मॅरिना चाचणीचे निकाल २००६ साली आले. रॅनिबिझुमॅब हे व्हीईजीएफ अडवणारं औषध मिळालेल्यांची नजर वर्षाअखेर सरासरी सात अक्षरांनी सुधारली. नुसतं टोचल्यासारखं केलेल्यांची दहा अक्षरांनी घसरली आणि दुसऱ्या वर्षाअखेर ती घसरण जवळजवळ पंधरा अक्षरांवर गेली. पंधरा अक्षरं म्हणजे तक्त्यावरच्या तीन ओळी. त्याआधी आमच्याकडे लेझर होता, फोटोडायनॅमिक थेरपी होती. त्यांनी घसरण मंदावायची, गेलेली नजर सहसा परत यायची नाही. असं औषध हाती असताना मी पेशंटला प्रेशरची भीती घालू? इंजेक्शननंतर प्रेशर चढतं हे कुणाला माहीत नाही? अर्धा तास थांबा, उतरतं. मी इंजेक्शन झालं की डोळ्यासमोर बोटं धरतो. बोटं मोजता आली की पेशंट मोकळा.”

मॅडम: “सर, बोटं मोजली म्हणजे पडद्याचा रक्तपुरवठा चालू आहे, एवढंच कळलं. प्रेशर अठरा आहे की पस्तीस, हे बोटांवरून कळत नाही. आणि माझी तक्रार त्या अर्ध्या तासाबद्दल नाहीच मुळी.”

मॅडमचं हे शेवटचं वाक्य नीट ऐकायला हवं, कारण या वादातला निम्मा घोळ दोन वेगळ्या घटना एकाच पिशवीत टाकल्यामुळे झाला आहे. पहिली घटना टोचल्याच्या क्षणाची. डोळ्याच्या मागच्या पोकळीत सुमारे चार मिलिलिटर विट्रिअस असतं. इंजेक्शन असतं ०.०५ मिलिलिटरचं, म्हणजे त्याच्या एक टक्क्याहून किंचित जास्त. ऐकायला हे काहीच नाही, पण डोळ्याचं पांढरं कवच फार ताणत नाही. एरवी १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असणारं प्रेशर त्या क्षणी तीस-चाळीसच्या वर उडी मारतं, काही डोळ्यांत पन्नासही ओलांडतं. सुई बारीक असेल आणि टोचलेल्या जागेतून थेंबभरही बाहेर आला नाही, तर उडी आणखी मोठी. मग डोळ्यातलं पाणी बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून निचरत जातं, बहुतेकांचं प्रेशर अर्ध्या तासात तिशीच्या खाली येतं आणि तासा-दोन तासांत मूळ जागी. दुसरी घटना याहून अगदी निराळी आहे. आठवं-दहावं इंजेक्शन घ्यायला आलेल्या माणसाचं प्रेशर, अजून सुई लागलेलीही नसताना, २६ किंवा २८ निघतं. मागचं औषध टोचून सहा आठवडे उलटलेले असतात, त्या थेंबाचा धक्का केव्हाच विरलेला असतो. पहिली घटना म्हणजे मोरीत एकदम बादली ओतल्यावर क्षणभर तुंबलेलं पाणी. दुसरी म्हणजे जाळीच हळूहळू बुजत जाणं. सरांची बोटं पहिल्या घटनेसाठी आहेत आणि त्या कामाला ती पुरेशी आहेत. दुसरीसाठी त्यांच्या टेबलावर काहीच ठेवलेलं नाही.

मॅडम: “हे मी मनातून काढून सांगत नाही. २००८ साली मेयो क्लिनिकच्या सोफी बक्री आणि सहकाऱ्यांनी (आपलं नागपूरचं मेयो नव्हे, अमेरिकेतलं) रॅनिबिझुमॅबनंतर प्रेशर चढून तसंच राहिलेले चार रुग्ण नोंदवले. चारच, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. २०११ मध्ये कोलोरॅडोच्या डॉक्टरांनी २१५ डोळ्यांचा हिशेब मांडला. सहा टक्के डोळ्यांत प्रेशर चढून टिकून राहिलं होतं. पण तो सहाचा आकडा फोडून बघा. आधीपासून काचबिंदू असलेल्यांत तेहतीस टक्के, नसलेल्यांत तीन. म्हणजे धोका सगळ्यांना सारखा वाटलेला नाही, तो काही ठरावीक लोकांच्या डोक्यावर बसलेला आहे. पुढे २०१७ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नोंदींवरून एक अभ्यास आला. वर्षाला बेव्हासिझुमॅब या त्याच जातीच्या औषधाची सात किंवा जास्त इंजेक्शनं घेतलेल्यांना काचबिंदूचं ऑपरेशन लागण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास अडीच पट निघालं. प्रेशरचा आकडा एखाद्या दिवशी चुकूही शकतो सर, पण ऑपरेशन कुणी उगीच करत नाही.”

सर: “अडीच पट म्हटलं की मोठं वाटतं. मुळात ऑपरेशन लागतं किती जणांना? मूठभर माणसांना. त्या अभ्यासात ऑपरेशन झालेले रुग्ण शंभरसुद्धा नव्हते. आता माझा आकडा ऐका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या आयरिस या नेत्ररुग्णांच्या नोंदवहीतल्या तेवीस हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास आला. इंजेक्शन घेतलेल्या डोळ्यांचं सरासरी प्रेशर वाढलं नाही, उलट एका एककाच्या आसपास उतरलं. आणि आणखी एक. मधुमेहात बुबुळावर नव्या रक्तवाहिन्या येऊन जो भयंकर काचबिंदू होतो, त्यावर तुम्ही स्वतः काय देता? हेच बेव्हासिझुमॅब. तेव्हा ते औषध प्रेशर उतरवायला मदत करतं आणि माझ्या हातून दिलं की चढवतं, हे कसं काय?”

हा मुद्दा वाटतो तितका अवघड नाही. बुबुळावरच्या रक्तवाहिन्या वाळल्या की निचऱ्याची वाट मोकळी होते, म्हणून त्या आजारात औषधाने प्रेशर उतरायला हातभार लागतो. मॅक्युलाच्या रुग्णात ती वाट आधीच मोकळी असते. तिथे औषधाचा तो फायदा मिळण्यासारखा नसतो, वारंवार टोचण्याचा जो काही तोटा असेल तेवढाच वाट्याला येतो. सरासरीचं म्हणाल तर त्याच आयरिसच्या अभ्यासात सरांनी न सांगितलेली दुसरी ओळ आहे. प्रेशर लक्षणीय चढून राहिलेले डोळे इंजेक्शन घेतलेल्यांत २.६ टक्के होते, त्याच माणसांच्या न टोचलेल्या दुसऱ्या डोळ्यांत १.५ टक्के. बहुतेकांचं थोडं उतरलं आणि थोड्यांचं बरंच चढलं, तरी सरासरी खाली येऊ शकते. पण गोंदियाहून आलेली बाई सरासरी डोळा घेऊन आलेली नसते. पडद्याच्या डॉक्टरांच्या स्वतःच्या चाचण्यांतही हाच माग सापडतो. मधुमेहाने पडद्याला येणाऱ्या सुजेवर रॅनिबिझुमॅब दिलेल्या रुग्णांचा अमेरिकेतल्या डीआरसीआर या संशोधकांच्या जाळ्याने तीन वर्षं पाठपुरावा केला. प्रेशर चढून टिकण्याची किंवा त्यावर उपचार लागण्याची शक्यता औषधाच्या गटात ९.५ टक्के निघाली, खोट्या इंजेक्शनच्या गटात ३.४. आजार वेगळा आहे, हे मान्य. पण औषध तेच, सुई तीच, आणि नागपूरच्या कुठल्याही रेटिना ओपीडीत मधुमेहाचे रुग्ण काही कमी नसतात. माझ्या मते एवढ्यावरून ‘धोका मोठा आहे’ म्हणता येत नाही. ‘धोका आहे, तो थोड्यांना आहे, आणि ते थोडे कोण हे मोजल्याशिवाय कळत नाही’ इतकं मात्र ठामपणे म्हणता येतं.

आता नागपूरचीच एक गोष्ट, जी या वादात फारशी कुणी आणत नाही. २००६ ते २००९ या काळात सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतले प्राध्यापक योस्ट योनास यांनी नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यांत एक मोठी पाहणी केली. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावाने ती जगभर उद्धृत होते. तिशीच्या पुढच्या ४,७११ माणसांचे डोळे त्यात तपासले गेले. विदर्भातल्या शेतकऱ्या-मजुरांच्या डोळ्यांची इतकी बारीक मापं आधी क्वचितच कुणी घेतली असतील, आणि खरं तर या शहराने या पाहणीचा याहून जास्त अभिमान बाळगायला हवा होता. त्यातलं एक माप आपल्या कामाचं आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, कॉर्नियाची, सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. पाश्चात्त्य पाहण्यांत हीच जाडी ५४० च्या आसपास असते, आणि प्रेशर मोजण्याचं गोल्डमनचं यंत्र ५२० मायक्रॉन गृहीत धरून बेतलेलं आहे. कॉर्निया पातळ असेल तर यंत्राला तिला दाबायला कमी जोर लागतो आणि आकडा खऱ्याहून कमी दिसतो. किती कमी, याचं बिनचूक सूत्र नाही, त्यामुळे आकड्यात दोन-तीन मिळवून मोकळं होण्यात अर्थ नाही. पण ‘एकवीसच्या आत आहे, जाऊ द्या’ ही पाठ्यपुस्तकातली रेघ आपल्याकडच्या डोळ्यांसाठी जरा सैल आहे, एवढं यातून नक्की निघतं. शिवाय पातळ कॉर्निया हीच काचबिंदूच्या धोक्याची एक खूण आहे, असं अमेरिकेतल्या ऑक्युलर हायपरटेन्शन ट्रीटमेंट स्टडीने २००२ मध्ये दाखवलं. इथल्या माणसाच्या बाबतीत म्हणूनच सुटा आकडा फारसा उपयोगाचा नाही. पहिल्या इंजेक्शनआधी १३ होतं आणि आज १९ आहे, हे कळायला हवं. एकोणीस हा आकडा एकटा बघितला तर कुणाचीही भुवई उंचावणार नाही. सहाने वाढ मात्र डोळ्यात भरते, आणि ती दिसण्यासाठी आधीचा तेरा कुठेतरी लिहिलेला असावा लागतो.

सर: “मॅडम, लिहिलेला असावा हे बोलायला सोपं आहे. इंजेक्शनच्या दिवशी किती गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. बेव्हासिझुमॅबची बाटली येते ती कॅन्सरच्या पेशंटसाठी, चार मिलिलिटरची. एका डोळ्याला लागतो त्यातला अर्धा दशांशसुद्धा नाही. म्हणून तर पेशंट एकाच दिवशी बोलवावे लागतात, तरच औषध गरिबाला परवडतं. त्यात प्रत्येकाचं प्रेशर, प्रत्येकाच्या डोळ्याच्या नसेचा फोटो, प्रत्येकाची फील्ड म्हणजे कडेच्या नजरेची तपासणी, असं लावलंत तर निम्म्या लोकांना परत पाठवावं लागेल, आणि परत गेलेला पेशंट सहा महिने येत नाही. शिवाय भीतीची किंमत वेगळीच. २०१६ च्या जानेवारीत केंद्राच्या औषध महानियंत्रकांनी बेव्हासिझुमॅब डोळ्यात वापरू नका असा इशारा काढला, मार्चमध्ये मागे घेतला. मधल्या काळात ज्यांना महागडं औषध झेपत नव्हतं त्यांनी काय करायचं होतं? तुमच्या प्रेशरच्या चर्चेनेही तेच व्हायचं. लोक इंजेक्शन चुकवतील, आणि चुकवलेल्या इंजेक्शनने नजर जाते, हे माझ्या डोळ्यांसमोर घडतं.”

मॅडम: “दर वेळी फील्ड मी मागितलेलीच नाही सर. मला काय हवं ते सांगते. पहिल्या इंजेक्शनआधी एकदा नस नीट बघा, कॉर्नियाची जाडी एकदा मोजा, घरात कुणाला काचबिंदू आहे का ते विचारा. नंतर इंजेक्शनच्या दिवशी, बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकायच्या आधी, फक्त प्रेशर. हवेच्या झोताचं मशीन असलं तरी चालेल, ऑप्टोमेट्रिस्टला दोन मिनिटं लागतात. आणि हे तुम्हाला जमत नाही असं मला म्हणू नका. मधुमेहाच्या सुजेवर ट्रायमसिनोलोन किंवा डेक्सामेथासोनचं इम्प्लांट टाकता, त्या प्रत्येक पेशंटचं प्रेशर तुम्ही न चुकता बघता. कारण स्टिरॉइडला तुम्ही भिता. मशीन तेच, माणूस तोच, खोली तीच. फक्त या औषधाला तुम्ही भीत नाही.”

मॅडमच्या या उत्तरापुढे वेळेचा आक्षेप टिकत नाही, असं मला वाटतं. भीतीचा आक्षेप टिकतो, आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. मॅक्युलाच्या उपचारात सगळ्यांत मोठं नुकसान प्रेशरने नव्हे, उपचार अर्धवट सुटल्याने होतं, यात सर शंभर टक्के बरोबर आहेत. पण त्यावरचा उपाय पेशंटपासून प्रेशर लपवणं हा नाही. गर्भारपणात दर भेटीला रक्तदाब बघतात म्हणून कुणी दवाखाना टाळत नाही. मोजणी नेहमीची झाली की ती भीती राहत नाही. भीती वाटते ती तीन वर्षांनी एकदम ‘काचबिंदूने नस सुकली’ असं ऐकायला मिळाल्यावर. मग माणूस त्याचा दोष इंजेक्शनला देतो आणि त्याची आख्खी आळी इंजेक्शन नको म्हणते.

नस सुकणं या रुग्णाला इतरांपेक्षा जास्त महागात का पडतं, हे या वादाचं मर्म आहे आणि ते दोन्ही बाजूंच्या बोलण्यात पुरेसं येत नाही. ओल्या मॅक्युलात मधली नजर जाते, कडेची शाबूत राहते. त्या कडेच्या नजरेवरच माणूस घरात वावरतो, पायरी ओळखतो, बाजूने येणारी दुचाकी टिपतो, ताट-वाटी चाचपडल्याशिवाय उचलतो. काचबिंदू नेमका उलट्या दिशेने येतो. तो सहसा कडा खात येतो आणि मध्य शेवटी घेतो. निरोगी माणसाला काचबिंदू झाला तर बरीच वर्षं मधली नजर त्याला तारून नेते, म्हणून तर आजार लक्षात येत नाही. मॅक्युलाच्या रुग्णाकडे तारून न्यायला पुरेसा मध्य उरलेला नसतो. सर तक्त्यावर जी अक्षरं मोजतात ती मध्याची असतात. सातवी ओळ वाचणाऱ्या डोळ्याची कडा निम्मी गेलेली असली तरी तक्ता ते सांगत नाही. आणि इथे आणखी एक अडचण आहे. काचबिंदू पकडायची जी इतर हत्यारं आहेत ती या रुग्णात बोथट होतात. फील्ड टेस्टमध्ये मधल्या दिव्यावर नजर रोखून धरायची असते. ज्याचा मध्यच गेलाय तो कशावर रोखणार? ओसीटीवर मॅक्युलातल्या नसपेशींचा थर मोजावा, तर पडद्याच्या सुजेने आणि डागाने तो आकडा आधीच बिघडलेला. म्हणजे नेहमीच्या माणसात प्रेशर हा काचबिंदूच्या तपासातला एक धागा असतो. या माणसात बाकीचे धागे तुटलेले असल्यामुळे प्रेशर आणि डोळ्याने बघितलेली नस यांच्यावरच जवळजवळ सगळा भार येतो. त्यातही भारतात काचबिंदू आधी माहीत असण्याची शक्यता फारच कमी. दक्षिण भारतातल्या लोकसंख्या-पाहण्यांत काचबिंदू सापडलेल्या दहांपैकी नऊहून जास्त जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता. कोलोरॅडोतला तो तेहतीस टक्क्यांचा गट आपल्याकडे ‘काचबिंदू नाही’ असं लिहिलेल्या फाइलींत बसलेला असू शकतो.

सर: “ठीक आहे. पण प्रेशर टिकून चढतं ते नेमकं कशाने, हे तरी तुम्हा लोकांचं एकमत आहे का? औषधाने म्हणता, सुईने म्हणता, मग सिरिंजने म्हणता.”

एकमत नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. व्हीईजीएफ अडवल्याने निचऱ्याच्या जाळीच्या पेशींवरच परिणाम होत असावा, असा एक तर्क. दर वेळच्या उडीने जाळी थकते, हा दुसरा. औषधातल्या प्रथिनांच्या गुठळ्या आणि सिरिंजमधलं सिलिकॉन तेल तिथे जाऊन बसतं, हा तिसरा. या तिसऱ्याकडे माझं जास्त लक्ष जातं, कारण तो हातात येण्यासारखा आहे. प्लास्टिकच्या सिरिंजचा दट्ट्या सहज सरकावा म्हणून आत सिलिकॉनचा पातळ लेप असतो. हे औषध अनेकदा ज्या सिरिंजमध्ये भरतात ती इन्शुलिनची सिरिंज कातडीखाली औषध सोडायला बनलेली आहे, डोळ्यात टोचायला नव्हे. त्यात औषध भरल्यावर हवेचा बुडबुडा वर आणण्यासाठी नखाने टिचकी मारण्याची सवय सगळ्यांच्या हाताला असते. तीच टिचकी तेलाचे सूक्ष्म थेंब सुटे करते, हे ब्राझीलच्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं आहे. टिचकी न मारता, सिरिंज उभी धरून सावकाश बुडबुडा काढता येतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. सिरिंज हाताळण्याचा फरक किती पडतो याचा एक सरकारी दाखलाही आहे. २०२१ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने अफ्लिबरसेप्ट या त्याच जातीच्या औषधाच्या आधीच भरून येणाऱ्या सिरिंजबद्दल इशारा दिला. बाटलीतून काढून दिलेल्या औषधापेक्षा तिच्याने प्रेशर चढल्याच्या तक्रारी जास्त येत होत्या, आणि कारण होतं दट्ट्या खुणेपर्यंत नीट न आणता जास्तीचं औषध आत जाणं. औषध तेच, रोग तोच, चूक अंगठ्याची. त्यामुळे कारणांचं एकमत होईपर्यंत मोजणी थांबवा, हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. नोंदी असतील तरच उद्या कुणाला सांगता येईल की अमुक सिरिंजच्या दिवशी टोचलेल्यांत प्रेशर चढलं आणि तमुक सिरिंजच्या दिवशी नाही. आपल्याकडे तर औषधंही अनेक आहेत. २०१५ साली इंटासचं रझुमॅब आलं, रॅनिबिझुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं. त्यानंतर देशी कंपन्यांची आणखी औषधं आली आणि इंजेक्शन अधिक लोकांच्या आवाक्यात आलं. ज्या देशात इतक्या तऱ्हेची औषधं इतक्या तऱ्हेच्या सिरिंजांतून दिली जातात, तिथे पश्चिमेतल्या सरासरीवर विसंबून राहणं मला बरं वाटत नाही.

एका मुद्द्यावर मात्र मी मॅडमच्या बाजूचा नाही. काही काचबिंदूतज्ज्ञ सुचवतात की टोचण्याआधी सरसकट सगळ्यांनाच प्रेशर उतरवणारे थेंब द्यावेत, किंवा टोचल्याबरोबर डोळ्याच्या पुढच्या भागातून सुईने थोडं पाणी काढून घ्यावं. थेंबांनी ती क्षणिक उडी थोडी बुटकी होते, पाणी काढल्याने बरीच. पण ज्यांची नस चांगली आहे त्यांना अर्ध्या तासाच्या उडीने इजा होते, असा ठोस पुरावा नाही. नसेच्या थराच्या जाडीवर झालेले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरीकडे प्रत्येक जादा सुई म्हणजे जंतू आत जाण्याची आणखी एक वाट. ज्याची नस आधीच निम्मी गेली आहे, त्याच्यासाठी ही वाट पत्करणं समजू शकतं. सरसकट नाही. पेशंट जितके जास्त, तितका हा जादा खटाटोप घातक, आणि इथे सरांचा अनुभव आकड्यांइतकाच मोलाचा आहे.

राहता राहिला प्रश्न मोजून निघालेल्या आकड्याचं करायचं काय. नुसतं मोजून फाइल बंद केली तर न मोजलेलंच बरं.

सर: “समजा मी मोजलं. माझा एक पेशंट, एकच डोळा उरलेला, सहा आठवड्यांवर इंजेक्शन, अंतर वाढवलं की लगेच पडद्यात पाणी भरतं. प्रेशर सव्वीस. थेंब लिहून दिले, पुढच्या वेळी परत सव्वीस. आता मी त्याचं इंजेक्शन थांबवू?”

मॅडम: “अजिबात थांबवू नका. ठरल्या दिवशी इंजेक्शन द्या. त्या दिवशी मात्र बोटांवर समाधान मानू नका. अर्ध्या तासाने प्रेशर बघूनच सोडा, आणि उतरलं नसेल तर तिथल्या तिथे पाणी काढा. शक्य असेल तर औषध बदलून बघा. व्ह्यू चाचण्यांत अफ्लिबरसेप्टच्या गटात प्रेशर चढणं रॅनिबिझुमॅबपेक्षा कमी दिसलं होतं. थेंब कोणते, किती, हे मी ठरवते. लागला तर जाळीवर लेझर करू. ऑपरेशन ही फार पुढची गोष्ट. पण त्याला ‘कधीतरी काचबिंदूला दाखवा’ असं सांगून गोंदियाला परत पाठवू नका. त्याच आठवड्यात माझ्याकडे यायला हवा.”

सर: “त्याच आठवड्यात तुमची अपॉइंटमेंट मिळते?”

मॅडम: “पेशंटने फोन केला तर महिन्याने. तुम्ही केलात तर दुसऱ्या दिवशी. आणि चिठ्ठीवर पहिल्या इंजेक्शनआधीचं प्रेशर लिहून पाठवा, सर.”